देवमाशांचा नेम

व्हँकुव्हर, ८ मे १९८१

प्रिय आत्या,

तुला आणि काकांना इथून वाकून नमस्कार. मी ज्या ऑफिसात काम धरलंय ते देवमासे वाचवणाऱ्यांचं आहे, हे मागे लिहिलं होतं. तेव्हा तू "पगार वेळेवर देतात ना?" एवढंच विचारलं होतंस. देतात. आज मात्र तुझ्याकडे एक मागणं आहे.

जपान आणि रशिया अजूनही मोठाल्या बोटी घेऊन देवमाशांमागे लागतात. भाल्याच्या टोकाला स्फोटक बसवून मारतात. जीव जायला कधी कधी पाऊण तास लागतो. त्यांच्या सरकारांना आपण कोण सांगणार? म्हणून आम्ही लोकांना सांगतो, या दोन देशांच्या वस्तू विकत घेऊ नका. धंद्याला झळ बसली की ऐकतील. मी दारोदार हिंडते. परवा एका बाईने तोंडावर दार आपटलं, आणि मला एकदम तुझ्या हातचा चहा आठवला.

सोबत तशा शपथेचं छापील कार्ड पाठवतेय. लीना म्हणून आमची प्रमुख आहे, मूळची फिनलंडची. जिथून सह्या येतात तिथे ती नकाशावर टाचणी टोचते. भारतात एकही टाचणी नाही. आई गेल्यावर सात वर्षांच्या मला तू चंदिगडला आणलंस, तेव्हापासून काही हवं असलं की मी तुझ्याकडेच मागितलंय. तुझ्या ओळखीच्या पाचदहा बायकांच्या सह्या मिळतील का?

तुझी,
निशी

०

चंदिगड, १ जून १९८१

चि. निशिगंधा,

अनेक आशीर्वाद. कार्ड मिळालं, त्यावरचा फोटोही बघितला. एवढं मोठं जनावर आणि डोळा केवढासा! वेंगुर्ल्याला मी लहान असताना एक असाच किनाऱ्याला लागला होता. मेलेला होता. बाबांनी आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही.

आता तुझ्या मागण्याचं. मला काही कळलं नाही गो. जपानची वस्तू विकत घेऊ नका म्हणतेस. अगो, इथे ती मिळते कुठे विकत? बावीस सेक्टरच्या मार्केटात काय जपान मांडून ठेवलंय? कुणाचा दीर मस्कतहून आला तर एखादी घडीची छत्री, कुणाची जॉर्जेटची साडी, एखादा टेपरेकॉर्डर. जे घेतच नाही ते घेणार नाही म्हणून सही करायची म्हणजे मी चंद्रावर जाणार नाही अशी शपथ घेण्यातला प्रकार. तुझे काका म्हणाले, सही कर आणि मोकळी हो. मी म्हटलं, मी खोट्यावर सही करत नाही.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग सुचलं. चातुर्मास येतोच आहे. विकत न घेणं हा काही नेम नव्हे. जे आहे ते सोडणं, हा नेम. कुणी कांदा सोडतं, कुणी वांगं, तसं आम्ही जपान आणि रशिया सोडू. आषाढी ते कार्तिकी, वापरायचं नाही आणि हात लावायचा नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगते. चालेल का तुमच्या त्या लीनाबाईंना?

आणि एक विचारते. तुमच्या लोकांनी समुद्रात जाऊन हे फोटो काढले, तो कॅमेरा कुठला?

तुझी
आत्या

०

व्हँकुव्हर, १८ जून १९८१

प्रिय आत्या,

चालेल म्हणजे काय, धावेल! तुझं पत्र लीनाला वाचून दाखवलं. ती तर उडालीच. आम्ही इथे लोकांना नुसतं विकत घेऊ नका म्हणतो तरी तोंडं वाकडी होतात, आणि तुम्ही घरात असलेलं सोडताय. किती बायका झाल्या ते लगेच कळव. आमच्या बातमीपत्राचा अंक निघायचाय.

मी जुलैच्या मध्यापासून चार आठवडे बोटीवर असेन, वर उत्तरेला. तेव्हा खोलीवर कुणी नसेल. पत्रं दाराखालून आत पडून राहतील, काळजी करू नकोस.

काकांना म्हणावं, तुमची दाढीची रशियन पाती आत्याने लपवली तर माझ्यावर रागावू नका. घाईत आहे.

तुझी,
निशी

०

चंदिगड, १६ जुलै १९८१

चि. निशिगंधा,

आशीर्वाद. एकादशीला मंडळाच्या हॉलमध्ये एक्केचाळीस जणींनी नेम घेतला. नावं वेगळ्या कागदावर आहेत. आपल्या घरची रीत मी सगळ्यांना लावून दिली, की ज्याने नेम दिला त्यानेच तो सोडवायचा, मध्येच मनाला येईल तसा मोडायचा नाही. नेम देणारी कोण, तर तू. हळदीकुंकवाच्या पाटावर तुझा फोटो ठेवला होता. हसू नकोस.

गोंधळ मात्र विचारू नकोस. पद्मजाने घडीची छत्री माळ्यावर टाकली आणि दुसऱ्याच दिवशी चिंब होऊन घरी आली. शेजारच्या बीजी, त्या पंजाबी आजी, गेटावरून ओरडल्या, "नलिनी जी, मछली के लिए छाता छोड़ दिया?" मी म्हटलं, हां जी, छोड दिया. पुढे काय सांगणार? मलाच धड समजलेलं नाही. प्रतिमाची मुलं दोन दिवस जेवली नाहीत, कारण तिने रशियाची गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवली. तिचा नवरा एअर फोर्समध्ये, त्याचं विमानच रशियाचं. तो म्हणतो, वहिनी, आता मी काय पतंग उडवू? त्याला मी सूट दिली, नेम बायकांचा आहे म्हणून. आणि विनयाकडे यातलं काहीच नाही, ती रडवेली झाली. शेवटी तिने पापलेट सोडलं. चंदिगडला येऊन चार वर्षं झाली तिला, पापलेट डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरी तिचं नाव घातलंय. बरोबर की चूक ते तू ठरव.

मी काय सोडलं? ट्रान्झिस्टर गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं, तुझ्या बाबांनी दिलेली ती निळी जॉर्जेटची साडी गेली. शिवणयंत्राच्या तेलात देवमाशाचं तेल असतं का, ते कळव. तोवर यंत्र बंद ठेवलंय.

माझं पोट मधूनमधून दुखतं, छातीच्या जरा खाली. विशेष काही नाही.

कॅमेऱ्याचं तू काही लिहिलं नाहीस.

तुझी
आत्या

०

चंदिगड, २९ जुलै १९८१

चि. निशिगंधा हीस,

बाळकृष्णचे आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. नाइलाज झाला म्हणून लिहितो.

तुझ्या आत्याला गेले दोन महिने अन्न जात नाही. पोट "मधूनमधून" दुखत नाही, रोज दुखतं. वजन नऊ किलो उतरलं आहे. मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, तोंडावाटे नळी घालून आत काय आहे ते बघावं लागेल, उशीर करू नका. बावीस तारीख दिली. आम्ही गेलो. ही टेबलावर बसली, आणि तिथल्या सिस्टरला विचारते, "ये मशीन कहां की है?" सिस्टर कौतुकाने म्हणाली, "एकदम नई है माताजी, जापान की." झालं. ही उठली आणि चपला घालून बाहेर. म्हणाली, नळी गिळीन ती कार्तिकी झाल्यावर.

मी समजावलं, रागावलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. ती म्हणते, एक्केचाळीस बायकांना मी बांधलंय आणि पहिली मीच मोडू? निशी सोडवील तर सोडवील. तुला तार केली. "पत्त्यावर कोणी नाही" म्हणून परत आली.

तरी हे पत्र पोचताच तिला तुझ्या हाताने दोन ओळी लिही. कार्तिकी नोव्हेंबरात आहे. तोवर थांबण्यासारखं दुखणं आहे की नाही, हे मला कळत नाही आणि डॉक्टरही नळीशिवाय सांगत नाहीत.

बाळकृष्ण

०

व्हँकुव्हर, १४ ऑगस्ट १९८१

आत्या,

काल रात्री बोटीवरून आले. दार उघडलं तर पायाखाली तुमची दोन पत्रं. काकांचं आधी फोडलं. आज सकाळी पोस्ट उघडायच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिले आणि तार केली. आता हे माझ्या हाताने, मराठीत, नीट वाच.

तुझा नेम मी सोडवला. आजपासून, आत्तापासून. नेम देणारी मी, सोडवणारी मी. ती नळी जपानची असो नाहीतर पाताळातली असो, तू गिळायची आहेस. उद्याच.

कॅमेऱ्याचं मुद्दाम लिहिलं नव्हतं. आमच्याकडचे सगळे कॅमेरे जपानचे आहेत. बोटीवरचा रेडिओही. मी लीनाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आधीपासूनचे आहेत, नवीन घेत नाही. मला ते पटलंही आणि नाहीही. तुला लिहायची लाज वाटली, म्हणून गप्प बसले.

त्याहून वाईट सांगते. नेम कार्तिकीला संपतो हे मला ठाऊक होतं. तुझं पत्र लीनाला वाचून दाखवताना मी तेवढं वगळलं. आणि तू नेम मोडत नाहीस, हेही ठाऊक होतं. तुझ्या पायाचं हाड मोडलं होतं तेव्हासुद्धा तू सोमवारचा उपास चुकवला नव्हतास. म्हणूनच तुला लिहिलं होतं आत्या. दुसऱ्या कुणाची सही कच्ची असती, तुझी पक्की. मला ती टाचणी हवी होती. एवढ्यासाठी मी तुला या सगळ्यात ओढलं.

नळी झाली की तार कर.

निशी

०

चंदिगड, ३० ऑगस्ट १९८१

चि. निशी,

तुझं पत्र परवा मिळालं. तुझं अक्षर बघितलं आणि पटलं, हे मात्र खरं तुझंच.

तुझी तार सोळालाच आली होती. मी ती फाडून टाकली. थांब, ओरडू नकोस, ऐक. त्याआधी पाच तारखेला एक तार आली होती. "नेम सोडवला, तपासणी कर, निशिगंधा." मला गहिवरून आलं. मग चष्मा लावून पाहिलं तर वर लिहिलेलं, नवी दिल्ली. तुझ्या काकांना विचारलं, निशी दिल्लीला कधी आली? म्हणे परदेशी तारा दिल्लीवरूनच येतात. पण या माणसाला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. अर्ध्या तासात कबूल झाले. ऑफिसातले रघुवीर दौऱ्यावर दिल्लीला गेले होते, त्यांच्याकरवी ठोकून दिली होती. मी आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी. आणि सोळाला तुझी खरी आली तेव्हा म्हटलं, वा, या खेपेला सुधारणा केलीत, व्हँकुव्हर घातलंत! ते शपथा घेत राहिले आणि मी तुकडे करत राहिले. चौतीस वर्षांच्या संसारात एकदा खोटं बोलले बिचारे, तेही माझ्यासाठी, आणि त्याच पायी खरं खोटं ठरलं. आता रात्रंदिवस स्वतःला बोल लावत बसलेत.

पण निशी, तुला एक सांगते. त्यांना सांगितलेलं नाही. माझी आई, तुझी आजी, तिचं पोटही असंच वर दुखायला लागलं होतं, अन्न जाईना. तू तेव्हा जन्मली नव्हतीस. चार महिन्यांत संपली. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं तेव्हाच माझ्या मनात सगळं येऊन गेलं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. कुठून तरी पळायचं होतं. मी त्या सिस्टरला मशीन कुठलं ते विचारलं, तेव्हा देवा, जपानचंच असू दे, असं मनात म्हणत होते. असं म्हणणाऱ्या बाईचा नेम कसला आणि काय? मी नेम पाळत होते की नेमामागे दडले होते, माझं मलाच सांगता येत नाही. पाळतही होते. साडीला खरंच हात लावला नाही.

बुधवारी गणपती बसतोय, दीड दिवसाचा. शुक्रवारी नळी. आता तू सोडवलंस, तेव्हा दडायला जागा नाही.

आत्या

०

चंदिगड, १४ सप्टेंबर १९८१

चि. निशिगंधा,

नळी झाली. जठरात गाठ आहे. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. चोवीस तारखेला ऑपरेशन ठरलं आहे. महिनाभर आधी आला असतात तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. फार उशीर झाला का, असं विचारलं तर आत बघितल्यावर सांगू म्हणाले.

तो महिना माझा आहे. दिल्लीची तार केली नसती, तर तिने तुझी मानली असती. मला रात्री हेच दिसतं. तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस.

बाळकृष्ण

०

व्हँकुव्हर, २८ सप्टेंबर १९८१

आत्या, काका,

"ऑपरेशन पार पडले, स्थिर" ही तार शुक्रवारी मिळाली. नंतर काकांचं चौदाचं पत्र मिळालं. स्थिर म्हणजे काय? शुद्धीवर आलीस का? गाठ पूर्ण निघाली का? मला काहीच कळत नाही इथे.

काका, तो महिना तुमचा नाही. माझा आहे. मी बोटीवर होते. चार आठवड्यांत आम्हाला एकदाच देवमासे दिसले, तीन. आम्ही सगळे रडलो आनंदाने. त्याच दिवशी आत्या टेबलावरून उठून घरी आली असेल किंवा दिल्लीची ती तार चष्मा लावून बघत असेल, तारखा मी जुळवत नाही, हिंमत नाही.

मी काम सोडलं. लीनाला सगळं सांगितलं. ती बिचारी मला धरून रडली, म्हणाली, आम्ही असं कधीच मागितलं नव्हतं. बरोबर आहे. तिने नव्हतं मागितलं, मी मागितलं. ज्या कामासाठी माझ्या आत्याचा जीव टांगणीला लागला ते काम मी परत तोंडाने उच्चारणार नाही. पैसे जमले की चंदिगडला येते.

निशी

०

चंदिगड, १२ ऑक्टोबर १९८१

चि. निशी,

बसून लिहितेय, पाठीला तीन उशा आहेत. अक्षर वाकडं दिसेल, वाचून घे.

अर्ध्याहून जास्त जठर काढलं. गाठ गेली म्हणतात. शेजारी दोन लहान गाठी होत्या, त्याही काढल्या. परत होईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. तरुण पोरगा आहे, सरदारजी. म्हणाला, "माताजी, सच बताऊं? पता नहीं." मला त्याचा फार आधार वाटला. बाकी सगळे येतात आणि काही होत नाही हो, काही होत नाही हो करतात. आता दर तीन महिन्यांनी नळी. वाटीभर पेज दिवसातून सहा वेळा, तीही तुझे काका चमच्याने भरवतात आणि मी सांडली की रागावतात. रागावायला शिकले, हे एक बरं झालं.

आता तुझं. काम सोडलं? कुणाला विचारून? दोषाचं म्हणशील तर इथे रांग लागली आहे. तू म्हणतेस माझा, हे म्हणतात माझा. परवा पद्मजा येऊन रडली की मीच सगळ्यात आधी हो म्हटलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या वाटणीचा माझ्याकडे राहू द्या, तो कुणाला मिळायचा नाही. टेबलावरून मी उठले. माझ्या पायांनी.

बायका विचारायला आल्या होत्या, नलिनीताई, तुमचा सुटला, मग आमचं काय? मी म्हटलं, जिला मोडायचाय तिने मोडावा, निशीच्या वतीने मी सोडवते. तिघींनी मोडला. अडतीस जणींनी नाही मोडला. का, म्हणून विचारलं तर कुणालाच नीट सांगता येईना. विनया म्हणाली, "आता त्या माशांशी ओळख झाल्यासारखं वाटतं." मलाही अजून उमगलेलं नाही. चंदिगडच्या बायकांनी छत्री माळ्यावर टाकली म्हणून तिकडे समुद्रात बोट कशी काय थांबते? तुलाही उमगलेलं नाही हे आता मला कळलंय, आणि लीनाबाईंनाही नसावं. पण तू ते तीन देवमासे पाहून रडलीस असं लिहिलंस, ते मी चार वेळा वाचलं. तुझ्या काकांकडून मोठ्याने वाचून घेतलं.

तेव्हा मुकाट्याने लीनाबाईंकडे परत जा. जाऊन सांग, माझ्या आत्याने पाठवलंय. फक्त पुढच्या बाईच्या दाराशी जाशील तेव्हा तिला सगळं सांगत जा. कॅमेऱ्याचं सांग, आम्हाला खात्री नाही हेही सांग, आणि आधी तिला विचार, बाई, तुमची तब्येत कशी आहे? मग दार आपटू दे तिला.

आणि इकडे यायची घाई करू नकोस. खोटं लिहिलं. कर घाई. मला फार भीती वाटते गो निशी. दिवसा ठीक असतं, पण रात्री नळीच्या तारखेचे दिवस मोजत जागी राहते. हे तुझ्या काकांना सांगता येत नाही, ते लगेच उठून कुठेतरी तार करायला निघतील. एकवीस जानेवारीला पुढची नळी आहे. त्या दिवशी त्या टेबलापाशी तू उभी राहा आणि मी उठायला लागले तर मला खाली दाब.

आत्या